रिकामा रकाना

वसुधाताईंची आणि माझी ओळख अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात झाली. मी केलेला शिरा अगदी माझ्या आईच्या हातचा आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. ताईंनी चव घेतली आणि विचारलं, "आईंनी कृती लिहून दिली होती, की तुम्हाला तसं आठवतंय?" मला राग आला. घरी येऊन आईचा जपलेला कागद काढला. त्यात केळं होतं. माझ्या शिऱ्यात ते कधीच नव्हतं.

संशय ही ताईंची कामाची रीत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर शेती न करता, मासेमारीच्या बळावर राज्य उभारणाऱ्या कलूसा लोकांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्या लोकांची भाषा आज कोणीच बोलत नाही. परक्यांनी टिपलेले मोजके शब्द उरलेत, तेही बहुतेक गावांची नावं. ताईंनी प्रत्येक शब्दाचं कार्ड केलं होतं आणि मागे तेच दोन प्रश्न लिहिले होते: कोणी ऐकलं? कोणी लिहिलं?

त्यांच्या पुस्तकासाठी ही शब्दयादी टाइप करायला मी बसने त्यांच्याकडे जात असे. अर्थाचा रकाना जवळजवळ रिकामा होता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रिकामी जागा सोडू देत नसत. इंटरनेटवर सापडलेले सात अर्थ मी त्यात भरून टाकले. वाटलं, ताईंना तेवढीच मदत.

पुस्तक छपाईला जाण्याच्या आठवड्यात त्यांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं आणि हे कोणाकडून कळलं, असं विचारलं. मी इंटरनेटचं नाव सांगितलं. त्यांनी सातही अर्थ खोडले. मग आठवाही खोडला. तो त्यांनी स्वतः लावलेला होता आणि त्याच अर्थामुळे विद्यापीठात त्यांचं नाव झालं होतं.

"ताई, तो तर तुमचा आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. आपलं चुकलं हे सांगायला कलूसांमधलं कोणी उरलेलं नाही. मग आपणच आपल्यावर संशय घ्यायचा."

प्रकाशकांना त्यांनी पत्राने कळवलं, "छपाई थांबवा, चूक माझी आहे." पत्रात माझा उल्लेख नव्हता. पुस्तक बरंच उशिरा आलं, त्या अर्थाविना. ऋणनिर्देशात मात्र पहिलं नाव माझं होतं. त्या एका नोंदीचा मला आजही संशय येतो.

ताई, तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गौरवग्रंथाच्या समितीने मला तुमच्या माहितीचा फॉर्म भरायला दिला होता. त्यात 'पुढील संकल्प' असा रकाना होता. तो मी कोराच परत पाठवला. तो तुम्ही भरायचा आहे, धडधाकट हाताने, अगदी सावकाश, आणि पुष्कळ वर्षं.