जावयाचं छप्पर, सासूबाईंचं बुजगावणं

मी भांडकुदळ माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सायकलवाल्याशी ब्रेकवरून, शेजाऱ्याशी हेजच्या उंचीवरून, विद्यापीठात माझ्या प्रोफेसरशी तर कशावरूनही. एनस्खेडेत राहून डच लोकांकडून मी एक गोष्ट चटकन उचलली, ती म्हणजे जे वाटतं ते तोंडावर बोलणं. बायको म्हणते, ते तुला पुण्यापासूनच येत होतं, डचांना उगाच श्रेय देऊ नकोस.

फक्त एका व्यक्तीपुढे माझी बोलती बंद होते. सासूबाई. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी त्या मला ‘जावईबापू’ म्हणतात, आधी माझं ताट वाढतात आणि माझं कुठलंही बोलणं खोडत नाहीत. एकदा मी त्यांच्यासमोर बोंबलाला बांगडा म्हणालो, तर जन्मभर मालवणात राहिलेली ती बाई म्हणाली, “असेल, असेल.” आता समोरचा इतका मान देत असेल तर आपण काय करणार? मीही त्यांचं काही खोडत नाही.

तर कोंबड्या. त्या माझ्या लेकीच्या. वय वर्षं सात. शेजारच्या डच आजोबांनी तिला चार कोंबड्या दिल्या आणि आमच्या मागच्या अंगणात एक लाकडी खुराडं आलं. घरात आम्ही मराठी बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि कोंबड्यांशी मात्र डचमध्ये बोलते. का, तर म्हणे त्यांना दुसरं काही येत नाही.

ऑक्टोबरात भर दुपारी ससाणा आला आणि तिच्या डोळ्यांदेखत एक कोंबडी घेऊन गेला. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती रोज पहाटेच्या अंधारात उठायला लागली, पायजम्यावर गमबूट चढवून, टॉर्च घेऊन, उरलेल्या तिघी आहेत ना ते बघायला. मग शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. शाळेतून बाईंचा फोन आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन ती मला म्हणाली, “बाबा, मेक अ रूफ. सो नथिंग कॅन कम.”  मी तिला शब्द दिला.

नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. नातीने विमानतळावरच त्यांच्याकडून वचन घेतलं की घरात ‘कोंबडी’ म्हटल्यावर पुढचा शब्द ‘वडे’ येणार नाही. बिचाऱ्यांना फार जड गेलं ते.

आता माझं काम ऐका. कशावर किती भार आला की ते मोडतं, यावर मी संशोधन करतो. त्याचा मला पगार मिळतो. मी बाउमार्कटमधून, म्हणजे इथल्या त्या अवाढव्य हार्डवेअरच्या दुकानातून, खांब, पट्ट्या, जाळी आणि ताडपत्री आणली. खुराड्यापुढे चार खांब रोवले आणि चहूबाजूंनी जाळी ठोकली. इथे मार्टर नावाचा मुंगसासारखा प्राणी आहे, तो गाड्यांच्या वायरीसुद्धा कुरतडतो, म्हणून जाळी खाली जमिनीतही पुरली. वर आडव्या पट्ट्या, त्यावर जाळी, त्यावर ताडपत्री. पाणसळ लावून बघितलं तर बुडबुडा बरोब्बर मध्यावर. असं सपाट छप्पर अख्ख्या गल्लीत नव्हतं. बर्फाचं काय, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, इथला बर्फ म्हणजे चिमूटभर रांगोळी.

सासूबाई बराच वेळ छपराकडे बघत राहिल्या. कोकणातली बाई. उतरत्या छपराखाली जन्म गेलेला. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं. “छान हो, जावईबापू. एकदम सपाट.”

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “मी आपलं एक बुजगावणं करू का? घारीबिरीला धाक राहतो.” मी म्हटलं, वा, उत्तम. त्यांनी काठ्यांचं धड केलं. धोंड्याच्या महिन्यात त्यांनीच मला दिलेला, आणि आता माझ्या पोटाशी अजिबात न जमणारा कोट त्याला चढवला. काळी कुंडी उपडी करून त्यावर टूथपेस्टने डोळे आणि दात काढले. इतकं भयाण तोंड मी प्रबंधाच्या परीक्षकाचंही पाहिलेलं नाही. त्यांची योजना अशी, की धड जाळीच्या आत आणि मुंडकं छपराच्या वर, म्हणजे पक्ष्याला लांबून दिसेल.

त्यासाठी ताडपत्रीला आणि जाळीला बरोब्बर मधोमध भोक पाडावं लागणार होतं. आणि मधली पट्टी आड येत होती. मधली! जिच्यावर सगळा डोलारा उभा, ती! “आड येतेय वाटतं,” सासूबाई ओशाळून म्हणाल्या, “राहू दे मग.”

“छे छे, आई, राहू दे कसं?” मी म्हणालो. आणि ज्याला भार या विषयाचा पगार मिळतो त्या गृहस्थाने हसतमुखाने करवत घेतली आणि तुळई कापली. वर विचारलं, “एवढं पुरे का, की अजून कापू?”

बायको खिडकीतून बघत होती. “तुम्ही दोघं एकमेकांना इतका मान देताय ना,” ती म्हणाली, “त्यात माझ्या पोरीच्या कोंबड्या मरतील.”

कोंबड्यांनी बुजगावण्याकडे एकदाच पाहिलं आणि ज्या खुराड्यात जाऊन बसल्या त्या बाहेरच येईनात. अंडी बंद. ससाणा मात्र दोन दिवसांनी आला आणि ऐटीत बुजगावण्याच्याच डोक्यावर बसला. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत होतो. “थकला असेल,” मी म्हणालो. “असेल, असेल,” सासूबाई म्हणाल्या. लेकीनेही ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर उठली.

मग एका रविवारी उजाडलं तर सगळं पांढरंफटक. रांगोळी कसली, पोतीच्या पोती ओतली होती. छपराच्या मध्यावर पोट सुटलं होतं. आम्ही खिडकीशी पोचतो न पोचतो, तेवढ्यात फाटल्याचा लांबलचक आवाज आला आणि ताडपत्री, जाळी, पट्ट्या, बर्फ, सगळं धाडकन खाली. कोटाची एक बाही तेवढी वर राहिली.

लेक किंचाळली, “दे किपन!” म्हणजे कोंबड्या; तेवढं डच सगळ्यांना कळलं.

मी अनवाणी धावलो. माझ्यामागे सासूबाई, माझ्या चपला घालून, हातात केरसुणी. आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला.

“सपाट! सपाट छप्पर कोण करतं हो?” त्या ओरडल्या. “आमच्याकडची शेंबडी पोरं पण उतार काढतात! एवढं शिकून अक्कल गहाण टाकली का?”

“मग बोलला का नाहीत?”

“जावयाला काय बोलायचं!”

“आणि तुमचं ते भूत? त्याच्या पायी मी तुळई कापली! तुळई!”

“मी सांगितलं होतं कापा म्हणून? ‘राहू दे’ म्हटलं मी! आता बोलत काय बसलात, उचला ते!”

आम्ही बर्फ उपसत होतो आणि भांडत होतो. कुंपणावरून शेजारचे आजोबा विचारत होते, कुणाला फोन करू का? बायको दारात उभी राहून खो-खो हसत होती. आणि लेक मात्र गमबुटात लटलट कापत होती, ते बघून माझे हात आणखी भराभर चालू लागले. शेवटी ताडपत्री बाजूला झाली. खाली कोंबडी नव्हती. एकही नव्हती.

तिघीही खुराड्यात होत्या. बुजगावण्याच्या भीतीने बाहेर पडल्याच नव्हत्या. वाचल्या! लेक खुराड्यात डोकं घालून त्यांच्याशी डचमध्ये काय काय बोलत राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की ससाण्यानेही नजर खाली घातली असती. “बघितलंत?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हे काही बुजगावण्याचं काम नव्हतं. त्या म्हणाल्या, पण झालं ना?

आजोबांकडून जुने नागमोडी पत्रे आणले. दिवसभर आम्ही दोघांनी छप्पर बांधलं. किती उतार द्यायचा यावर भांडलो, खिळा की स्क्रू यावर भांडलो, चहाला कधी थांबायचं यावर तर कडाक्याचं भांडलो. त्यांनी मला दोनदा ‘मठ्ठ’ म्हटलं. मधली तुळई मी दुप्पट जाड घातली आणि त्यांनी तिला लोंबकळून बघितलं, साडीवर माझं जॅकेट घालून. लेक खाली उभी राहून एकेक सांधा बोटाने दाखवत विचारत होती, हे पडेल का? पूर्वी आम्ही दोघं एका सुरात ‘नाही गं’ म्हणायचो. आता एक म्हणे ‘पडेल’, दुसरा म्हणे ‘कसं पडेल?’, आणि तो सांधा परत ठोकला जाई.

सोमवारी सकाळी शाळेची वेळ झाली तरी लेकीची चाहूल नाही. मी तिच्या खोलीत गेलो तर सासूबाई आधीच दारात. पोरगी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. गमबूट खालीच होते, कोरडे.  सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

“उठवू नका,” त्या कुजबुजल्या. “बुडू दे आज शाळा.”

“अजिबात नाही. इथे शाळा बुडवली की नोटीस येते.”

“येऊ दे! मी बघते त्या नोटीसवाल्याला!”

“आई, तुम्हाला इथलं काही कळत नाही.”

“आणि तुम्हाला पोरीचं काही कळत नाही!”

आवाज चढत गेले. पार खालून बायको ओरडली, हळू बोला. पोरगी फक्त कुशीवर वळली आणि झोपून राहिली.