टर्बाइन बसवायला आलेला लांडगा

चहाच्या सुट्टीत दोन माणसं बसली की किस्सा तयार! दौंडकडच्या आमच्या साखर कारखान्यातून साखर बाहेर जायची, किस्से मात्र तिथंच साचायचे. आता आमच्या वूकचंच घ्या.

वूक सर्बियाचा इंजिनीअर, नवं टर्बाइन बसवायला आलेला. मी तिथं शिफ्ट इंजिनीअर. पहिल्याच दिवशी आमच्या धोंडिबा फिटरनं मला कोपरानं ढोसलं, "साहेब, इचारा की नावाचा अर्थ." विचारला. वूक म्हणाला, "वुल्फ." लांडगा!

धोंडिबा पोट धरून हसला. "घ्या! धोंडा आन् लांडगा एकाच शिफ्टला!"

*

धोंडिबाचे वडील बिराआबा. आता वडगाव रासाईत शेती, पण उभी हयात मेंढरांमागं गेलेली. एकदा डबा घेऊन आले, तर लेकानं हौसेनं पाहुण्याच्या नावाचा अर्थ सांगितला. आबा दोन पावलं मागं!

"आरं, लांडग्याला कुणी राखणीला ठिवतं व्हय? आन् तुम्ही त्याच्या हातात मशीन दिली!"

त्यानंतर ते डबा गेटवरच ठेवून जायचे.

*

एकदा चहा पिताना मी वूकला छेडलं, "तुझ्या आईवडिलांना दुसरं नाव सुचलं नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत. मग आमच्याकडं मुलाचं नाव लांडगा ठेवतात. चेटकीण जवळ येत नाही."

मी मराठीत सांगितलं, तसा धोंडिबाचा ग्लास हातातच राहिला. "त्याला सांगा, माझंबी तसंच हाय. आधीची गेली, म्हणून मी धोंडा. दगडाला कोण नेतंय?"

वूकनं विचारलं, "मग, उपयोग होतो?"

"आपण दोघं च्या पितोय न्हवं!"

*

पण धोंडिबाच्या घरी हसण्यासारखं काही नव्हतं. त्याचीही दोन लेकरं गेलेली. त्या सीझनला मुलगा झाला आणि नावावरून घरात जुंपली.

बायको म्हणायची, "चांगलंच नाव ठिवायचं. धोंड्याला शाळेत पोरं चिडवत्यात."

वूकच्या नावाची गोष्ट धोंडिबाकडून ऐकलेले आबा म्हणायचे, "चिडवू द्यात! जगंल तर खरं!"

बारसं लांबतच गेलं. बाळ कसं आहे, हे विचारायचीही आम्हाला भीती वाटायची.

*

शेवटी सूनबाई जिंकली. बारशाला वूकलाही आवतण होतं. आत्यानं बाळाच्या कानात सांगितलं, "रोहन!" बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. आबा मात्र खांबाला टेकून बसलेले. चेहरा पार उतरलेला.

मग ते उठले. पाळण्यातनं बाळाला उचललं. आबा सरळ वूकपाशी गेले आणि नातू त्याच्या मांडीवर ठेवला.

"लांडगेसाहेब," आबा म्हणाले, "जरा राखण करा!"