मामांचा न मरणारा अर्ज

आमचे मामा एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचे. तारेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतलं प्रत्येक यंत्र तो एकाने कमी करतं, शून्य झाला की पाकीट फेकून देतं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतं. नाहीतर वाट चुकलेली पाकिटं जन्मभर गरगरत राहतील. हे मामांनी मला शंभरदा सांगितलंय, मी एकदाही न विचारता.

पण हे शहाणपण यंत्रांपुरतं ठेवतील तर ते मामा कसले! साहेबांच्या मागे लागून त्यांनी ऑफिसातल्या कागदांनाही हाच नियम लावला. अर्जाच्या कोपऱ्यात दहा लिहायचे, टेबलागणिक एक वजा, शून्य झालं की फाडायचा. पहिला अर्ज जिवंत असेपर्यंत दुसरा करायचा नाही. लोकांनी कपाळावर हात मारला आणि आकडे लिहिले.

वरच्या मजल्यावर कागद लेबल लावलेल्या लिफाफ्यातून फिरायचे. तिथे आतला कागद कुणी बघायचाच नाही, फक्त लेबल बघून पुढे ढकलायचा. लेबलवर आकडा वेगळा, थेट दोनशे पंचावन्न. नेटवर्कातही अशीच सोय असते म्हणे. मात्र बाहेर पडताना लेबलवर उरलेला आकडा कागदावर उतरवायचा, असं मामांनी लिहून दिलं आणि तिथेच माशी शिंकली. पाच घेऊन वर गेलेला कागद अडीचशे घेऊन खाली यायला लागला.

असा पहिला अमर कागद निघाला मामांचाच बदलीचा अर्ज. मामी दुसऱ्या गावात नोकरीला, एकट्या. वरचे म्हणत खालचा शेरा आणा, खालचे म्हणत वरचा. तीन वर्षं अर्ज वरखाली फिरत राहिला.

मामी फोनवर विचारायच्या, "अहो, अर्जाचं काय झालं?"

"प्रकृती उत्तम आहे त्याची! आज दोनशे एकोणपन्नास."

"त्याची राहू द्या, माझी विचारा कधीतरी. आणि फाडून टाका ना तो मेला!"

"जिवंत कागद कसा फाडू? मीच केलाय ना नियम!"

मला मामांचा असा राग यायचा! पण त्या दिवशी मामींनी फोन आपटला आणि मामा हादरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम दुरुस्त केला: आत जाताना कागदाचाच आकडा लेबलवर लिहायचा. पण आधीचे दोनशे एकोणपन्नास कुठे जाणार? मामांनी रजा टाकली, अर्ज हातात घेतला आणि स्वतःच टेबलं फिरायला लागले. दहा टेबलांची एक फेरी, अशा पंचवीस. साहेबांसह सगळे मान खाली घालून एकेक वजा करत होते. संध्याकाळी शून्य झाल्यावर मामांनी अर्ज फाडला, तो संपल्याचं स्वतःलाच लेखी कळवलं आणि नवा लिहून साहेबांपुढे ठेवला.

"आता हा कसला?" साहेब म्हणाले.

"बदली हवी होती."

"अहो, मग आज पंचवीसदा समोर येऊन उभे राहिलात, एकदा तरी बोलायचं!"

"अर्जात लिहिलं होतं, साहेब."

"तो वाचायचा, असं तुमच्या नियमात कुठे होतं?" साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली.

मामांनी धावत घरी येऊन मामींना फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे तीन वर्षं," त्या म्हणाल्या, "नुसतं तोंड उघडायचं होतं?"