आपलं नाव सांगायचं

माणसाला दुसऱ्याची परीक्षा घ्यायची काय हौस असते बघा! सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा म्हातारा बुध्या विसरायला लागला, आणि येणारा-जाणारा त्याच्यापुढं फतकल मारून विचारू लागला, "ओळखलास का मला? सांग बरं, कोण मी?" बुध्या कावराबावरा व्हायचा. लोक हसायचे. पुढं पुढं माणूस दिसला की तो घरात जाऊन कुडाकडं तोंड करून बसायला लागला. जेवणही तुटलं.

ही चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे वेड. सून चैती त्याला मोखाड्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचं दुखणं आहे. जुनं आठवेल, नवं टिकणार नाही. औषध नाही, पण त्याला घाबरवू नका." आज या दुखण्याला अल्झायमर म्हणतात. चैतीला नावाशी काय करायचंय? म्हातारा लाजेनं झुरतोय, एवढं तिला पक्कं कळलं.

आठ दिवसांवर तिच्या लेकीचं, माघीचं लग्न होतं. चैतीचा नवरा सोम्या म्हणाला, "बाबा मांडवात नको. व्याह्यांपुढं शोभा होईल."

चैतीचं डोकंच फिरलं. "माघीला खांद्यावर घेऊन हिंडला तो, नि तिच्याच लग्नात त्याला कोंडायचा? तो नसेल तर मीही नाही बसणार मांडवात."

मग तिनं विहिरीवर एकेकीला धरून बजावलं, "बाबाला विचारायचं नाही. आपलं नाव सांगायचं, मग बोलायचं."

"मी तर शेजारीण," गौरा म्हणाली. "मीही सांगू?"

"तूही. रोज."

लग्नाच्या दिवशी बुध्या मांडवात बसला. "रामराम बाबा, मी गौरा, वरच्या घरची." एकेक जण यायचा, नाव सांगायचा. म्हाताऱ्याची मान हळूहळू वर आली. तेवढ्यात दाभोशाहून वऱ्हाड आलं. नवरदेवाच्या बापाला, लाडक्याला, कोण सांगणार? तो थेट म्हाताऱ्यापुढं बसला नि म्हणाला, "ओळखलास का मला?"

बुध्याची मान खाली जायला लागली.

"का रे व्याह्या," चैती पुढं होत म्हणाली, "तुला तुझं नाव येत नाही होय?"

मांडवभर हशा पिकला. या वेळी लोक विचारणाऱ्याला हसले. लाडक्या ओशाळला. "मी लाडक्या," तो म्हणाला. "पोराचा बाप."

बुध्यानं त्याचा हात धरून त्याला जवळ बसवलं. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मी बुध्या. पोरीचा आजा."