साडीत मावेल एवढं पिस्तूल

त्या वर्षाचं मला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. माणसं हलताना दिसतात, त्यांचे आवाज थोडे उशिरा येतात. उन्हाळ्यात जिनिंग मिलच्या बाजूने वारा आला की धुळ्यात कापसाची रुई उडायची, कधी कधी ती कोर्टाच्या खिडकीतून आत येऊन फायलींवर बसायची. नव्वद सालच्या आसपासचे दिवस म्हटलं की मला आधी ती तरंगणारी रुई दिसते. मग आठवतं, की त्या दिवसांत माझ्या कमरेला पिस्तूल होतं.

मी वकिली करत होते. सहाव्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. नवरा वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो तिकडे क्वार्टरमध्ये राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी यायचा. सासरे नरडाण्याजवळच्या खेड्यात शेती करायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

माझ्याकडे एक केस आली होती. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात लग्न होऊन दीड वर्ष झालेली मुलगी जळून मेली होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरचे सांगत होते. मुलीच्या वडिलांनी मला सरकारी वकिलांच्या मदतीला उभं केलं. मुलीचा नवरा जामिनावर सुटला आणि आठवड्याभरात माझ्या दारात, रांगोळी काढायच्या जागेवर, रॉकेलचा एक रिकामा डबा कुणीतरी ठेवून गेलं. बाकी चिठ्ठी नाही, काही नाही. मी पोलिसांत कळवलं, त्यांनी डबा नेला. चार दिवसांनी दुसरा डबा आला.

हे आबांच्या कानावर गेलं तसे ते पहिल्या एस.टी.ने आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "पोरी, तू एकली राहस. मना जीव घाबरस. परवाना काढ."

"कसला परवाना, आबा?"

"पिस्तूलना."

मी हसले. पण आबा हसत नव्हते. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती, हत्यार म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. शनिवारी नवरा आला. दिवसभर काडतुसांच्या पेट्यांत वावरणारा माणूस, पण पिस्तुलाचं नाव काढताच पांढराफटक पडला. "घरात नको," एवढंच म्हणाला. मग दाराबाहेरची रांगोळीची जागा बघत बराच वेळ उभा राहिला आणि अर्जावर पत्ता त्यानेच लिहिला, माझं अक्षर लागत नाही म्हणून.

चौकशी झाली, पोलिसांचा अहवाल गेला, कलेक्टर कचेरीत चार-पाच खेपा झाल्या. परवाना हातात आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. धुळ्यात मनासारखं काही मिळेना, म्हणून आबा आणि मी जळगावला निघालो. पारोळ्यापर्यंत आबा बोलत होते, एरंडोलच्या पुढे त्यांना झोप लागली. खिडकीबाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या. पानांची हिरवी सावली बसमध्ये यायची आणि जायची. आपण बांगड्या भरायला चाललोय, असं मला मधूनच वाटत होतं.

हत्यारांचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या बोळात होतं. मालक साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. परवान्याचं पुस्तक त्यांनी पानन् पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरात ठेवायला, की अंगावर बाळगायला?"

"अंगावर. आणि कुणाला दिसायला नको."

"मग लांबी बघू नका, जाडी बघा," ते म्हणाले. "लांब वस्तू अंगाला चिकटून लपते. जाड वस्तू लपत नाही."

त्यांनी काचेवर हिरवं फडकं अंथरलं आणि तीन हत्यारं काढली. प्रत्येक रिकामं असल्याचं आधी स्वतः बघितलं, मग आबांना दाखवलं, मग मला. पहिलं रिव्हॉल्व्हर होतं, बत्तीस बोअरचं. भरवशाचं, म्हणाले. गोळी अडकली तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरी तयार. पण मधलं चक्र गरोदर बाईसारखं पुढे आलेलं, आणि मागचा घोडा पदरात अडकणार हे मलाही कळलं. दुसरं होतं एक चिमुकलं परदेशी पिस्तूल, तळहातात मावेल एवढं. ते त्यांनी लगेच बाजूला सारलं. "हे शोभेचं. पकडायला दोनच बोटं पुरतात, हात थरथरला की सुटतं." तिसरं एक जुनं विलायती पिस्तूल होतं, तेही बत्तीसचं. चपटं, कडा घासून गुळगुळीत झालेलं. त्याची वरची सरकती पट्टी मागे ओढताना मला दोन्ही हात लावावे लागले.

"याच्यापेक्षा हलकं काही नाही?" मी विचारलं.

त्यांनी गल्ल्याखालून एक परदेशी सूचीपत्र काढलं. गुळगुळीत कागदावर एका काळ्याभोर पिस्तुलाचं चित्र होतं. त्यावर ना नक्षी, ना लाकडाची मूठ.

"याचं अंग पॉलिमरचं आहे," ते म्हणाले. "म्हणजे एक जातीचं टणक प्लॅस्टिक. गंजत नाही, घामाने खराब होत नाही, वजनाला निम्मं. बाहेरच्या देशांत आता हेच घेतात."

आबा वाकून बघू लागले. "प्लॅस्टिकनं? हाई तं पोरंसनं खेळनं शे!"

"खेळणं नाही हो, आबा. पण आपल्याला मिळणार नाही. याची गोळी नऊ मिलिमीटरची, ती फौजेला आणि पोलिसांना राखीव. आणि बत्तीसमध्ये असलं मी अजून हातात धरलेलं नाही."

मी त्या चित्राकडे बघत राहिले. वजन नसलेलं, घाम न लागणारं, कमरेला आहे हे विसरून जाता येईल असं काहीतरी. मला हवं होतं ते नेमकं तेच, भीतीवरचा असा उपाय की जो अंगाला जाणवणारसुद्धा नाही. त्यांनी सूचीपत्र मिटलं तेव्हा माझं बोट त्या पानात होतं.

"कुठे ठेवाल?" त्यांनी विचारलं.

"पर्समध्ये."

"पर्समध्ये कधीच नाही. पर्स हिसकावली की पिस्तूल त्याचं झालं." मग ते अडखळले. पुरुषांना ते पट्टा आणि चामड्याचं म्यान दाखवायचे, साडीचं काय सांगणार? त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा इकडे या."

दुकानाच्या मागेच घर होतं. बाई पीठ मळत असाव्यात, हात पुसत आल्या. नवऱ्याचं बोलणं ऐकलं, फडक्यावरची दोन्ही हत्यारं उचलली आणि मला म्हणाल्या, "चला आत."

आतल्या खोलीत आरशाचं कपाट होतं आणि खिडकीतून उन्हाचा एक लांब पट्टा पडला होता. त्यांनी आधी रिव्हॉल्व्हर माझ्या परकराच्या नाडीत खोचलं, वरून पदर सारखा केला. "बसा." बसले. "उठा. वाका. आता त्या फळीवरचा डबा काढा." डबा काढायला हात वर केला आणि आरशात माझ्या कमरेला एक गाठोडं दिसलं.

"हे आपल्याला सांगतंय, मी इथं आहे म्हणून," त्या म्हणाल्या आणि ते काढून घेतलं.

मग चपटं पिस्तूल. बसा, उठा, वाका. या वेळी आरशात फक्त मी होते. लोखंड गार होतं, मग हळूहळू माझ्या अंगाएवढं ऊन झालं. माझ्याभोवती दोनदा फिरून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसत नाही. पण नाडीवर भरवसा ठेवू नका. बाळंतपणात पोट बांधतो ना, तसा मांजरपाटाचा पट्टा शिवते. त्याला कप्पा आणि वर बटण. तुमचं पोट बांधलंय कधी?"

"नाही," मी म्हटलं. "तिथपर्यंत गेलंच नाही कधी."

त्यांनी वर पाहिलं. पुढे काही विचारलं नाही, माझ्या कमरेभोवती सुतळी धरून माप घेतलं. शिवणयंत्राचा आवाज तासभर येत होता. मी उन्हाच्या पट्ट्यात बसून तो ऐकत होते, आणि मला वाटतं, थोडी झोपलेही. झोपेत ते काळं, हलकं पिस्तूल केळीच्या पानावरून पाण्यासारखं घरंगळत होतं आणि कुणालाच लागत नव्हतं.

निघताना मालकांनी पुन्हा पुन्हा बजावलं, "मॅगझिन भरलेलं चालेल. नळीत गोळी नको. वेळ आली तर पट्टी ओढायची, तेवढ्या क्षणात माणूस विचार करतो. आणि सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी ही कळ, कायम वर."

आबा वाटेत म्हणाले, "आते बठ्ठं ठीक शे." मलाही आता सगळं ठीक आहे असं वाटलं.

पिस्तुलाची नोंद झाली. पोलिसांच्या मैदानावर परवानगीने दहा गोळ्या झाडल्या, त्यातल्या तीन निशाणाच्या पाटीला लागल्या. कोर्टात जाताना ते चौकीत जमा करायचं, निघताना सही करून परत घ्यायचं. दोन-तीन महिन्यांत पट्टा इतका अंगवळणी पडला, की तो नसला की चालणं चुकायचं.

चैत्रात एका सकाळी तिसरा डबा आला. या वेळी तो रिकामा नव्हता, तळाशी बोटभर रॉकेल होतं. मी दार लावून घेतलं आणि जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते केलं. पट्टी ओढली, गोळी नळीत सरकवली. त्या दिवशी मला आबांकडे जायचं होतं. दुपारच्या बसमध्ये मी खिडकीजवळ बसले. गाडी गरम होती. पुढच्या बाकावर एक म्हातारी झाकलेल्या पाटीत कोंबड्या घेऊन बसली होती. पुढची माणसं उन्हाच्या झळांमधून हलल्यासारखी दिसत होती.

धुळं सुटता सुटता एक तरुण येऊन माझ्या शेजारी बसला. वीस-बावीसचा असेल. मी त्याला ओळखलं. कोर्टात तो आरोपीच्या मागच्या बाकावर बसायचा. आरोपीचा धाकटा भाऊ, मेलेल्या मुलीचा दीर.

माझा हात पदराखाली गेला. बटण कधी निघालं, कळलं नाही. मुठीवर बोटं बसली. तो समोर बघत होता, मीही समोर बघत होते. सोनगीर मागे पडलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून शर्टावर पडत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "माले बोलनं शे."

मी मुठीवरची पकड सोडली नाही.

"मी बठ्ठं देखेल शे. वयनी वरडनी तवय मी दारमाच व्हतू." वहिनी ओरडली तेव्हा तो दारातच होता, असं तो सांगत होता. कडी बाहेरून लावलेली होती. भावाने लावली होती आणि तो स्वतः कडीला हात लावून उभा होता. भाऊ म्हणाला, काढू नको. त्याने काढली नाही.

एवढं बोलून तो थांबला. माझ्या पदराकडे त्याची नजर गेली. तो मागे सरला नाही.

"हात बाहेर काढा, बाई," तो म्हणाला. "माले भ्याव वाटस. नही तं मारी टाका. पन आयकी ल्या."

मी हात बाहेर काढला. मग मी विचारत गेले, तो सांगत गेला. डबे त्याचा भाऊच ठेवत होता, तेही त्याने सांगितलं. नरडाण्याला मी उतरले तेव्हा तो म्हणाला, "कुठं येऊ सांगा, येतो." आणि बस निघून गेली.

एस.टी. स्टँडच्या आडोशाला जाऊन मी पिस्तूल काढलं. सेफ्टी खाली होती. ती मी केव्हा सरकवली, मला आजही आठवत नाही. म्हणजे बसमध्ये नळीत गोळी, सेफ्टी उघडी, बोट चापापासून दोन पेरं लांब, आणि नळीचं तोंड पुढच्या बाकाकडे. एका खड्ड्याचं काम होतं. कोंबड्यांवाल्या म्हातारीची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली, तिच्या लुगड्यावरचं लहानसं ठिगळसुद्धा. मी सेफ्टी पुन्हा वर केली.

घरी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी पिस्तूल माझ्या हातातून घेतलं, मॅगझिन काढलं, नळीतली गोळी काढून तळहातावर ठेवली. "चूक मनी शे, पोरी," म्हणाले. "हत्यार दिधं, धीर नही दिधा."

तो मुलगा शब्दाला जागला. आधी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला, पुढे वर्षभराने भर कोर्टात साक्ष दिली. स्वतः कडीला हात लावून उभा होता, हेही त्याने लपवलं नाही. आरोपीच्या वकिलांनी त्याला दोन दिवस उभं-आडवं सोलून काढलं, तो हलला नाही. जबाब दिल्या दिवशीच गावाने त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो नरडाण्याच्या एका कारखान्यात पोती उचलू लागला. मुलीच्या नवऱ्याला जन्मठेप झाली. तिची सासूही आरोपी होती, ती सुटली. डबे जबाबानंतरच बंद झाले होते. पिस्तूल मी त्याच उन्हाळ्यात विक्रेत्याकडे जमा करून टाकलं आणि परवान्याची मुदत संपू दिली. माझ्या नवऱ्याने कारण विचारलं नाही, त्या रात्री फक्त दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवर मुलीचे वडील बसले होते. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले. थोड्या वेळाने तो मुलगा फाटकातून बाहेर आला, आम्हाला बघून थबकला आणि दुसऱ्या बाजूने जाऊ लागला. वडिलांनी हाक मारली नाही. आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी बाकड्याच्या रिकाम्या टोकाशी सरकवून ठेवली. तो उभ्या उभ्या बघत राहिला. मग आला, टेकल्यासारखा बसला आणि दोन्ही हातांनी बशी उचलली. रस्त्यावरून सरकीची पोती भरलेला एक ट्रक गेला, आणि मग त्याचा आवाजही गेला.