महामार्गाच्या पोटातली विहीर

आमच्या फाट्यावर महामार्ग मधोमध खचतो. खड्डा एवढा खोल, की त्यात उतरलेली म्हैस वर येईपर्यंत विते. त्यावरूनच मी रोज शाळेची व्हॅन नेतो, आत अठरा पोरं.

काल तपासणीवाले पुन्हा आले. जमिनीत वीज सोडून खालची पोकळी शोधायची, म्हणून त्यांनी खुंट्या ठोकल्या, त्याही कडेला. मधली लेन बंद करायची परवानगी काही येत नाही. दरवेळी कडेलाच तपासतात आणि लिहितात, 'खाली पक्का कातळ.'

टपरीवरची शेवंतामावशी म्हणाली, "साहेब, मधोमध आमची विहीर होती. मुरूम टाकून बुजवली."

"मावशी, नकाशात नाही ती."

"मग मी काय नकाशातनं पाणी शेंदलं?"

साहेब हसले आणि त्यांनी खुंटी आणखी हातभर कडेला सरकवली.

आपलंही तेच म्हणा. दुखतो दात, दाखवतो गाल. पण माझ्या गालात अठरा पोरं बसलेली नसतात!

मावशीची विहीर पोरांनाही ठाऊक आहे. खड्डा आला की भार कमी व्हावा म्हणून सगळी पाय वर उचलतात. मीही उचलतो, ब्रेकवरचा तेवढा सोडून.