उभ्या पेटीतला पाहुणा

हसू नका, असं मी म्हणणार नाही. हसाच! पण आधी कपातला चहा संपवा, नाहीतर तुम्हाला ठसका लागायचा आणि माझ्या डोक्यावर आणखी एक पाप बसायचं.

तर गेल्या महिन्यात हैदराबादहून मुंबईकडं निघालेल्या एका लॉरीचा पाटा आमच्या जळकोटापाशी तुटला. लॉरीत एकच पेटी. अरुंद, पण माणसाएवढी उंच, चारी बाजूंनी दोरानं जखडलेली. दुसरी लॉरी नळदुर्गात मिळत होती, पण तिचा मालक उलटं इकडं यायला तयार नव्हता. मग पेटी तिथवर न्यायची कशी? हॉटेलवाला म्हणाला, "अण्णाच्या बैलगाडीतून न्या. भरली घागर ठेवा, पाणी हिंदकळायचं न्हाई."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. दिवाळीआधी काविळीनं गेला. गाडी राहिली, बैल राहिले आणि मी राहिलो. मी झटकन पुढं झालो. "गाडी माझीच हाय, चला!" विचार करून बोलायची सवय आमच्या घरात एकट्या अण्णालाच होती.

पेटी चढवताना तिच्याबरोबर आलेले साहेब नुसते थरथरत होते. "हळू! उभीच राहू द्या! आडवी केलीत तर संपलं सगळं!"

उभीच? मी लॉरीच्या ड्रायव्हरला, रहीमचाचाला, बाजूला घेतलं. "चाचा, आत काय हाय हो?"

चाचाच्या तोंडात पान. "जीव गेलाय रे त्याचा. आतून जळला बिचारा. काय आवाज होता! सारा मुलूख कान लावून ऐकायचा. आता मुंबईहून जहाजात घालून विलायतेला धाडायलेत. तिकडं नवा जीव घालतात. परत आला की बोलंल बघ, पयल्यावानी!"

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणी काही भलतं समजेल का? तुम्ही समजला नसता. पण आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. ईभूत म्हणजे भस्म लावायचं, बसवायचं आणि तसंच मातीत ठेवायचं. अण्णाला मीच बसवला होता. हनुवटी सारखी खाली जात होती, ती ह्याच हातानं वर धरली होती. मग उभ्या पेटीत इतक्या जपून कोण बसवलेलं असणार, हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का?

गाडी निघाली. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला चाचा पेटीला हात लावून चालतायत. पुढं मी, आणि माझ्या पाठीला चिकटून तो! गावाची वेस ओलांडली आणि मागून आवाज आला. कुंईऽऽ!

बैलांनी कान हलवले. मी मान वळवली नाही. कोण वळवेल? पुन्हा, कुंईऽऽ! कण्हत होता हो! मी कनवटीची ईभूत काढली, हात मागं नेला आणि चाचपडत पेटीवर तीन बोटं ओढली.

इतक्यात समोरून सायकलवर हवालदार! आता आपला मुलूख हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आलाय, कायदे कडक. परवान्याशिवाय मढं नेलं तर काय शिक्षा असते, कुणाला ठाऊक!

"काय हाय रं गाडीत?" त्यानं विचारलं.

"म्या मारलं न्हाई!" मी ओरडलो.

साहेबांनी घाईघाईनं कागद दाखवला. "सरकारी सामान आहे."

"मग ह्यो कुणाला मारलं न्हाई म्हणतोय?"

"उन्हात डोकं फिरलंय पोराचं," चाचा म्हणाला. हवालदार माझ्याकडं बघत बघत गेला.

भीती तर होतीच. पण वाटेत त्या भीतीच्या आत दुसरंच काहीतरी हलायला लागलं. विलायतेत नवा जीव घालतात. म्हणजे… आमचा अण्णाही बसलेलाच आहे की! दिवाळीपासून काही फार दिवस झाले नाहीत. विचारलं तर साहेब रागावतील, नाही विचारलं तर जहाज जाईल.

नळदुर्ग आलं. दुसरी लॉरी उभी होती. मी एकदम साहेबांचे पाय धरले.

"सायेब, जहाजात अजून एकाला जागा मिळंल का?"

"कुणाला?"

"अण्णाला. थोरला भाऊ हाय माझा."

"काय काम करतात ते?"

"आता काय बी न्हाई. बसून हायेत."

"कुठं?"

"मळ्यात."

साहेब हसले. "अरे, मग त्यांनाच घेऊन ये. मी बोलतो त्यांच्याशी."

"आणतो की! पर आधी खणून काढावं लागंल."

चाचानं पान गिळलं. साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. त्यांनी पेटीची एक फळी सरकवली. आत स्प्रिंगांवर टांगलेला, काचेचा आणि तांब्याचा, एवढा थोरला दिवा!

"रेडिओ स्टेशनातला व्हॉल्व्ह आहे," साहेब म्हणाले. "ह्याच्या जोरावर आवाज लांब जातो. आतली तार जळलीय. ती इथं कुणाला बदलता येत नाही."

"मग जीव?"

"अरे येड्या, तार गेली की आमी जीव गेला म्हणतो!" चाचा पोट धरून हसला. हमाल हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. चाचा खांद्यावरच्या फडक्यानं ईभूत पुसायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. तशीच जाऊ दे विलायतेला."

पेटी गेली. मी रिकामी गाडी वळवली. गाव मागं पडलं आणि मागून आवाज आला. कुंईऽऽ!

पेटी नव्हती हो गाडीत! मी उडी मारली आणि थेट तुरीत घुसलो. बैल थांबले, आवाज थांबला. बैल चार पावलं पुढं गेले. कुंईऽऽ! मग मी वाकून बघितलं. चाकाचा आस कोरडा ठणठणीत. अण्णानं बांधलेला वंगणाचा बांबूचा नळा गाडीखाली तसाच लटकत होता, भरलेला. अण्णा गेल्यापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता.

आणि मी निघालो होतो अण्णाला विलायतेहून परत आणायला! आला असता ना, तर पहिल्यांदा गाडीचं चाक बघितलं असतं आणि मग माझ्या कानाखाली वाजवली असती.